कर्नलसाहेबांची स्वारी

पलंगाचे पडदे धुण्यासाठी कड्यांतून सोडवता सोडवता डॉर्कस पिलबीम एकदम थांबली. हातातला जाड पडदा घसरून तिच्या पायांवर ढीग होऊन पडला, तरी ती जागची हलली नाही.

शेकोटीपाशी कर्नलसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीमागे एक घडीचा आडोसा उभा होता. लाकडी चौकटींवर कापड ताणलेला, पुरुषभर उंच, पाठीला गार वारा लागू नये म्हणून ठेवतात तसला. कुणीतरी हौसेने त्याच्यावर छापील चित्रं चिकटवली होती. फुलांचे गुच्छ, शिडाची जहाजं, पडकी देवळं, कुण्या उमरावाचे घोडे. आणि दाराकडच्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात, रूबेन.

तिचा नवरा. तो गेल्याला आता सातवं वर्ष लागलं होतं.

चित्रात तो कमरेतून पार वाकलेला होता. अंगात लाल डगला, पाय एका चरातल्या चिखलात मांडीपर्यंत रुतलेले आणि पाठीवर ढेरपोटे कर्नल पेनफोल्ड घोड्यावर बसावेत तसे मांड ठोकून बसलेले. कर्नलच्या बुटांना घोड्याला टोचायच्या काटेरी टाचा, हातात उपसलेली तलवार, केसांचा टोप वाऱ्यावर उडालेला, तोंड हसून कानापर्यंत फाकलेलं. चराच्या पलीकडे शत्रूची फौज म्हणून काय होतं, तर टेबलावर ठेवलेला, मांस भरून भाजलेला एक भलामोठा पाव आणि त्याच्यात खोचलेलं फ्रेंचांचं निशाण. मागे काटकुळ्या शिपायांची रांग नाकं दाबून उभी. खाली वळणदार अक्षरांत एक ओळ होती. डॉर्कसला वाचता येत नव्हतं, पण ती ओळ काय आहे हे तिला ठाऊक होतं. साऱ्या केंट परगण्याला ठाऊक होतं. ‘कर्नलसाहेबांची स्वारी’.

ती गुडघ्यांवर बसली आणि चित्राच्या जवळ गेली. रूबेनची जीभ तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून थोडी बाहेर आली होती. दमलेल्या गाढवासारखी, असं लोक म्हणायचे. पण मेडवे नदीच्या धक्क्यावर हॉपची, बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, पोती पाठीवर घेऊन रूबेन फळीवरून नावेत चढायचा, तेव्हा त्याची जीभ अशीच बाहेर यायची, डावीकडूनच. ‘एक दिवस पाय घसरेल आणि जिभेचा तुकडा पडेल,’ म्हणून तिने त्याला कितीदा तरी रागावलं होतं.

माणूस गेला की आधी त्याचा आवाज विसरतो म्हणतात. डॉर्कसचं उलट झालं होतं. रूबेनचा आवाज तिच्या कानात पक्का होता, त्याच्या हातांची घट्टे पडलेली बोटं आठवत होती, पण चेहरा मात्र कढत पाण्यात साबणाची वडी झिजावी तसा झिजत गेला होता. गेलं वर्षभर तर डोळे मिटून कितीही आठवला तरी तो येत नव्हता. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा विसरले, हे सांगणार तरी कुणाला?

आणि तो इथे होता. फेंदारलेलं नाक, डाव्या भुवईतला तो बारका व्रण, सुपासारखे कान. सगळं दुपटीने मोठं करून काढलेलं, पण सगळं त्याचंच.

*

फ्रेंच येणार, फ्रेंच येणार अशी हूल उठली, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या लूसफर्डमध्येही परगण्याच्या फौजेसाठी चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि रूबेनचं नाव निघालं. ज्यांना परवडलं त्यांनी बदली माणूस दिला. रूबेन स्वतः गेला. माळावर मोठी छावणी पडली होती. फ्रेंच काही आले नाहीत, पण लंडनहून बग्ग्या भरभरून बघे मात्र आले. जत्रेला यावं तशी बायकामाणसं नटूनथटून यायची, तंबूंमधून हिंडायची, कवायत बघत केक खायची. त्यांच्यातच कुणी एक गृहस्थ खिशात पेन्सिल घेऊन आला होता. पुढे काही आठवड्यांनी ते चित्र लंडनच्या दुकानात लागलं आणि मग आमच्या जवळच्या मेडस्टोन शहरात कागदवाल्याच्या खिडकीतही लागलं. खिडकीसमोर ही गर्दी. पेनफोल्ड म्हणजे आमच्याच गावचे जमीनदार. त्यांचं नाव ‘पाठंगुळी कर्नल’ पडलं ते कायमचंच.

रविवारची सुट्टी घेऊन रूबेन घरी आला तेव्हा तोच कौतुकाने सांगत होता. म्हणाला, चल ना मेडस्टोनला, तुला दाखवतो, अगदी हुबेहूब काढलंय. डॉर्कस पोटुशी होती, त्यात हे ऐकून तिचा पारा चढला.

“गाढव केलंय त्यांनी तुझं. आणि ते मी खिडकीसमोर उभी राहून बघू? चार लोकांत?”

रूबेन हसला. पुन्हा कधीतरी जाऊ म्हणाला. त्यानंतर पानगळीत छावणीत तापाची साथ आली आणि तिथेच, माळाच्या कडेला, इतर शिपायांबरोबर त्याला पुरलं. मग फीबी झाली.

कर्नलसाहेबांनी तोवर मेडस्टोनमधली सगळी चित्रं विकत घेऊन जाळून टाकली होती. लंडनच्या दुकानदाराला पैसे चारून तांब्याचा ठसाही घासून घेतला, असं लोक म्हणत. डॉर्कसला ते चित्र बघावंसं वाटू लागलं, तोवर ते कुठेच उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त दारूच्या गुत्त्यातली गोष्ट. डॉर्कसच्या शेजारी राहणारा जेबेझ चांभार त्याच पलटणीत होता. पेला हातात आला की तो उठून नक्कल करायचा. कर्नल कसे गुरकावले, ‘वाक रे गाढवा,’ म्हणून रूबेनच्या पाठीत छडी कशी हाणली, सगळं साभिनय. लोक पोट धरून हसायचे. मनाने जेबेझ वाईट नव्हता. डॉर्कसचे जोडे तो फुकट शिवून द्यायचा. पण गुत्त्यावरून जायची वेळ आली की डॉर्कस लांबच्या वाटेने जायची.

फीबी मोठी होऊ लागली तशी विचारायची, बाबा कसे दिसायचे? डॉर्कस म्हणायची, तुझ्यासारखेच. मग पोरगी विचारायची, मी कशी दिसते? घरात आरसा नव्हता. डॉर्कस तिला धुण्याच्या टपातल्या पाण्यात बघायला सांगायची, पण पाणी काही स्थिर राहायचं नाही.

*

“पडदे उतरवायला एवढा वेळ?”

क्रटेंडनबाई दारात उभ्या होत्या. पेनफोल्डांच्या हवेलीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चालताना पायांचा आवाज अजिबात नाही. डॉर्कस कुठे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

“त्याच्याकडे बघायचं नाही. या घरात ते चित्र कुणीच पाहिलेलं नाही. समजलं?”

मागे एक नोकर ते बघून हसला होता, त्याला त्याच संध्याकाळी त्यांनी बाहेर काढलं, हेही त्यांनी सांगून टाकलं. डॉर्कसने पडदा उचलून छातीशी धरला. मग जे मनात होतं ते तिने सरळ सांगितलं. हा माझा नवरा. माझ्या मुलीने त्याला कधी बघितलेलं नाही. साहेब बागेत असताना एकदाच तिला आणून दाखवू का? दारातूनच बघेल, आत पाऊलसुद्धा टाकणार नाही.

क्रटेंडनबाईंनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. पण उत्तर नाहीच होतं. साहेबांच्या खोलीत धोबिणीचं पोर येणं शक्य नाही, आणि त्या चित्रासाठी तर मुळीच नाही. साहेबांना कळलं तर माझी धडगत नाही. आणि तुझी तर नाहीच नाही. मोठ्या धुण्याला यायला गावात दुसऱ्या बायका आहेत, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं.

त्यात खोटं काही नव्हतं. हवेलीत तीन-चार महिन्यांनी मोठं धुणं निघायचं. चादरी, पडदे, टेबलांवरची कापडं, साहेबांचे झालरीचे सदरे. चार-पाच दिवस सकाळपासून हंडे पेटलेले असायचे. डॉर्कस झालरींना खळ द्यायची ती अशी, की पानासारख्या ताठ राहाव्यात. ते काम गेलं असतं तर मायलेकींचा हिवाळा अवघड गेला असता.

त्यानंतरचे दिवस ती राखेच्या पाण्यात हात घालून उभी राहिली आणि विचार करत राहिली. बरोबरच्या बायका गप्पा मारत होत्या. कुणाची सून कशी, कुणाच्या डुकराला पिल्लं किती. डॉर्कस हो ला हो म्हणत होती. रात्री फीबीच्या कपाळावरचे केस मागे सारताना तिला पहिल्यांदाच नीट दिसलं की या पोरीचं नाक, भुवया, कान, सगळं सगळं त्या आडोशावरून उचलून आणलंय. आणि ते पोरीला माहीत नाही.

धुण्याच्या शेवटच्या दिवशी तिने फीबीला बरोबर नेलं. कुंपणावर वाळत घातलेल्या चादरींवर कोंबड्या चढतात, राखणीला पोर आणलंय, असं तिने सांगितलं. कुणी काही म्हटलं नाही. दुपारी ऊन पडलं. साहेबांना चाकाच्या खुर्चीत बसवून दक्षिणेच्या बागेत नेतात ती हीच वेळ. डॉर्कसने इस्त्री केलेले पलंगाचे पडदे खांद्यावर टाकले, फीबीचा हात धरला आणि मागच्या जिन्याने वर निघाली. वाटेत तिने पोरीला एवढंच सांगितलं, की बोलायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही.

खोलीत कुणी नव्हतं. निदान तिला तसं वाटलं. शेकोटी पेटलेली होती, आडोसा जागच्या जागी होता.

“तो बघ,” ती कुजबुजली. “लाल डगल्यातला.”

फीबी उकिडवी बसली. बराच वेळ बसून राहिली. डॉर्कसला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि तिच्या मनात आता भलतीच भीती उभी राहिली. पोरगी रडली तर? आपला बाप चार पायांच्या जनावरासारखा वाकलाय, त्याच्या बरगड्यांत काटेरी टाचा रुतल्यात, हेच दाखवायला आणलं का आपण हिला? इतक्या वर्षांपूर्वी आपण याच लाजेने खिडकीपर्यंत गेलो नाही, आणि आज तीच लाज पोरीच्या पदरात घालतोय का?

तेवढ्यात फीबी हसली. तोंड दाबायचा प्रयत्न करून, न जमून, खळाळून हसली.

आडोशामागून खोकल्याचा आवाज आला.

“कोण हसलं?”

डॉर्कसने फीबीला मागे ओढलं. वारा पूर्वेचा होता म्हणून साहेब आज बागेत गेलेच नव्हते, हे तिला कुठून कळणार?

“कोण हसलं ते समोर या.”

पळून जाण्यात काही अर्थ नव्हता. मायलेकी आडोशाला वळसा घालून पुढे आल्या. खुर्चीत कर्नल पेनफोल्ड बसले होते. डोक्यावर टोपाच्या जागी साधी सुती टोपी आणि उजवा पाय लोकरी पट्ट्यांत गुंडाळून तिवईवर ठेवलेला. चित्रातल्या ढेरीचा आता मागमूस नव्हता. डॉर्कसने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. तुला विचारलेलं नाही, म्हणाले. मग फीबीकडे वळले.

“काय गं, कशाला हसलीस?”

“कानांना.”

“माझ्या?”

“नाही. बाबांच्या.” फीबीने डोक्यावरची टोपी काढून केस मागे सारले आणि मान वळवून दाखवली. “माझ्यासारखेच आहेत.”

“बाबा? कोण बाबा?”

“खालचे,” फीबी म्हणाली.

कर्नलसाहेब तिच्या कानांकडे बघत राहिले. मग त्यांनी डॉर्कसला नाव विचारलं आणि तिने सांगितलं. रूबेन पिलबीम, लूसफर्डचाच, धक्क्यावर हमाली करायचा, छावणीत तापाने गेला. साहेबांनी ते नाव दोनदा हलकेच उच्चारून पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या पाठीशी उभा आहे आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं, असं काहीतरी ते पुटपुटले.

डॉर्कसला वाटलं, आता निघावं. काम तर गेलंच. पण काम गेलंच आहे, तर मग जे इतकी वर्षं छातीत अडकलंय ते तरी कशाला ठेवायचं?

“साहेब, एक विचारू? त्याला छडीने मारलं होतं का तुम्ही?”

“छडीने?” कर्नलसाहेबांना खरोखरच कळलं नाही. “कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात.”

मग त्यांनी तिला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. कर्नलसमोर बसायचं कसं, म्हणून ती उभीच राहिली. फीबी मात्र बसली.

त्या दिवशी थोरले जनरल पाहणीला येणार होते, कर्नलसाहेबांनी सांगितलं. पहाटे उठतो तर उजव्या पायाचा अंगठा वाताने असा धरलेला, की चादरीचा स्पर्श सहन होईना. कुणाला कळलं असतं तर पलटण दुसऱ्याच्या हाती देऊन मला घरी पाठवलं असतं. म्हणून दात आवळून बूट चढवला. घोडी त्या चरापाशी आली आणि बिथरली, तेव्हा उतरावं लागलं. समोर कंबरभर खोल चर, मागे पलटण थांबलेली, पलीकडे बघ्यांच्या बग्ग्या. एक पाऊल टाकणं शक्य नव्हतं. पलीकडच्या माळाची टेहळणी करतोय असं दाखवत मी नुसताच उभा राहिलो.

“तेव्हा पुढच्या रांगेतला एक शिपाई बंदूक खाली ठेवून माझ्याजवळ आला. हुकूम नसताना. हळूच म्हणाला, ‘साहेब, अंगठा ना? आमच्या आजोबांनाही वात होता. नवे बूट खराब होतील असं मोठ्यांदा म्हणा, आणि बसा पाठीवर.’”

डॉर्कसने खुर्चीचा हात धरला. साहेबांचीच खुर्ची होती, पण तिच्या ते लक्षात आलं नाही.

“मी म्हटलं मोठ्यांदा. पलटण हसली, बग्ग्यांतले हसले. चराच्या मधोमध आलो तेव्हा मी त्याची मान गच्च धरली होती. तो म्हणाला, ‘साहेब, हॉपच्या पोत्यापेक्षा हलके आहात तुम्ही. फक्त पोतं एवढं घाबरत नाही.’” कर्नलसाहेबांच्या गालावरच्या सुरकुत्या हलल्या. “मला हसू आवरेना. तो चितारी तिथेच कुठेतरी असणार. चित्रात बघ, मी हसतोय. लोकांना वाटतं त्या पावाकडे बघून हसतोय.”

काटेरी टाचा मात्र चिताऱ्याने पदरच्या घातल्या, ते म्हणाले. तलवारही. चित्र लागलं तेव्हा खरं सांगून टाकावं असं फार वाटलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे पायाचं सांगावं लागलं असतं. मूर्ख म्हणून हसतात तर हसू देत, लंगडा म्हणून घरी बसवायला नकोत, असा विचार केला. पुढच्याच वर्षी घरी बसवलं ते बसवलंच. सगळी चित्रं जाळली, ही एक प्रत बहिणीने लपवून ठेवली आणि एक दिवस आडोशावर चिकटवून टाकली. तिच्यावर मी महिनाभर रागावलो होतो. आता तीही नाही. शेकोटीकडे तोंड करून बसलं की चित्र पाठीमागे जातं, दिसत नाही. पण ते तिथे आहे एवढं पुरतं.

“मी त्याचे आभार मानले नाहीत,” ते म्हणाले. “वाटलं होतं, पाहणी संपली की बोलावून घेऊ. मग हे चित्र आलं, आणि मग तो ताप.”

डॉर्कस रडली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत होती, की रूबेन आपणहून गेला होता. कुणी वाकवलं म्हणून तो वाकला नव्हता. रविवारी घरी आला तेव्हा हेच सांगायचं असेल का त्याला? की साहेबांचं गुपित म्हणून घरीदेखील सांगणार नव्हता? सांगायचं असतं तरी आपण त्याला बोलू कुठे दिलं? पण तिला जसा तो माहीत होता, तसा तो सांगणार नव्हताच. ‘पुन्हा कधीतरी जाऊ’ म्हणाला आणि हसून चूल पेटवायला बसला.

कर्नलसाहेबांनी घंटी वाजवली. क्रटेंडनबाई आल्या, आणि आतला प्रकार बघून दारातच भिंतीला टेकल्या. साहेबांनी त्यांना कात्री आणायला सांगितली. हा तुकडा कापून या बाईंना द्या, म्हणाले.

“साहेब, आडोशाला भोक पडेल. पाठीला वारा लागेल.”

“लागू दे.”

कात्री आली. कापड जुनं होतं, चांगली जाड खळ लावून चित्र चिकटवलेलं होतं, ते काही सुटणार नव्हतं. कापडासकटच कापावं लागणार होतं. क्रटेंडनबाईंना ते कापवेना म्हणून कात्री डॉर्कसने घेतली. ती टोक खुपसणार एवढ्यात कर्नलसाहेब म्हणाले, “हवं तर माझा भाग काढून टाक. तुझ्या घरात माझं काय काम?”

डॉर्कसने हात थांबवला. चित्राकडे नीट बघितलं. वरून कापलं तर काय राहतं, ते बोट आडवं धरून पाहिलं.

“नको साहेब,” ती म्हणाली. “तुम्हाला काढलं तर तो वाकलाय कशासाठी ते कळायचं नाही.”

त्यावर कर्नलसाहेब हसले. आधी घशातल्या घशात आणि मग खोकला येईपर्यंत. क्रटेंडनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढे होऊन आडोशाची दुसरी बाजू घट्ट धरली, म्हणजे डॉर्कसला सरळ कापता यावं. डॉर्कस निघाली तेव्हा म्हणाल्या, वसंतात पुन्हा धुणं निघेल, लवकर ये, गेल्या खेपेला झालरींना खळ कमी पडली होती. ती कमी पडलेली नव्हती. पण डॉर्कस बरं म्हणाली.

*

चित्र घरी आलं ते चुलीच्या धुरापासून लांब, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लागलं. दोन दिवसांत गल्लीभर झालं. बायका कणकेच्या हातांनी आल्या, दाराशी उभ्या राहून बघून गेल्या. पाठंगुळी कर्नलचं चित्र जळलं म्हणत होते, ते हे असं कसं निघालं, याचं सगळ्यांना नवल. म्हाताऱ्यांना ते आठवत होतं, तरुणांनी नुसतं ऐकलं होतं. फीबी दारातच उभी असायची आणि येईल त्याला आधी स्वतःचे कान दाखवायची.

जेबेझ चांभार सगळ्यांच्या शेवटी आला. गुत्त्यावर जायच्या आधी, संध्याकाळी. दारातून आत यायला तो जरा घुटमळला, कारण या घरात त्याने ती नक्कल कधी केली नव्हती. डॉर्कस इस्त्री करत होती. तिने इस्त्रीनेच आत ये म्हणून खूण केली.

जेबेझ चित्रासमोर उभा राहिला. सवयीने त्याच्या तोंडावर हसू आलं. नाकं दाबलेल्या शिपायांवर बोट ठेवून म्हणाला, यातला एखादा मी असेन. मग फीबीने त्याला समजावून सांगितलं, कारण आता हे सांगण्यात ती पटाईत झाली होती.

“हे माझे बाबा. आणि वरचे ना, ते एक कर्नल. त्यांचा पाय दुखत होता, म्हणून बाबांनी घेतलं त्यांना.”

जेबेझने डॉर्कसकडे पाहिलं. कर्नलसाहेबांनी आपल्या तोंडाने सांगितलं, एवढंच ती म्हणाली, आणि पुढची बाही इस्त्रीखाली सरळ केली. जेबेझला आणखी काही विचारायचं होतं असं दिसलं. छडीबद्दल असेल, ‘वाक रे गाढवा’बद्दल असेल. त्याने विचारलं नाही. टोपी हातात घेऊन तो चित्राच्या जवळ गेला आणि रूबेनच्या पायांकडे, जिथे चिखल काढला होता तिथे, डोळे बारीक करून बघत राहिला.

“मी मागच्या रांगेत होतो,” तो म्हणाला. “बोलणं काही ऐकू आलं नव्हतं. पण त्याच्या मागोमाग उतरलो मी त्या चरात. खाली नुसता गाळ. मी दोनदा आपटलो.”

डॉर्कसने इस्त्री उभी केली.

“तो नाही,” जेबेझ म्हणाला. “एकदाही पाय घसरला नाही त्याचा.”

फीबीने कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं आणि जेबेझच्या मागे ठेवलं. जेबेझ बसला. त्या संध्याकाळी तो गुत्त्यावर गेला नाही.